उन्हाळ्याची सुट्टी कुणाची?



या व्यासपीठावर शास्त्री-पंडितांनी बोलावे आणि आम्ही खाली बसून ऐकावे, ही आजवरची रीत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार संघटनेच्या कचेरीत झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण माझ्याकडून करू नये. संघटनेचा माणूस बोलायला उभा राहिला म्हणजे मजुरीचे दर, बोनस आणि भविष्यनिर्वाह निधी याखेरीज तो दुसरे काय बोलणार, असेही काहींना वाटले असेल. परंतु आज मी विषय निराळा घेतला आहे. आपल्यासारख्या लहान गावात तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींनी एप्रिल-मे महिन्यात बसायचे कुठे, खेळायचे कुठे आणि पोहायचे कुठे, एवढाच माझा प्रश्न आहे.

विषय किरकोळ वाटेल. परंतु आपण ज्या मांडवात बसलो आहोत तो तरी कशासाठी घातला आहे? न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे गावोगावी तिचे अनुकरण झाले. कोर्ट-कचेऱ्यांना सुट्टी, शाळांना सुट्टी, संध्याकाळी चार शहाण्या माणसांनी एकत्र यावे, काही ऐकावे, काही वाद घालावा. म्हणजे ही व्याख्यानमाला मोठ्या माणसांच्या उन्हाळ्याची सोयच होय. दीडशे वर्षांपूर्वी ही सोय कुणाला तरी सुचली आणि लोकांनी ती टिकवली. मग मुलांच्या उन्हाळ्याचा विचार या मांडवाला परका का असावा?

फुरसत हा कामगार चळवळीचा विषय नाही, असे समजणाऱ्यांना मी थोडा इतिहास सांगतो. १८८१ साली आपल्या देशात पहिला कारखान्यांचा कायदा झाला. सात वर्षांखालील मुलास कारखान्यात घेऊ नये, असे त्याने सांगितले. म्हणजे सात वर्षे पुरी झालेले पोर गिरणीत उभे करण्यास कायद्याची हरकत नव्हती. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला दिवसाला नऊ तासांची मर्यादा होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली, आणि तिच्या मागण्यांत आठवड्याच्या सुट्टीची मागणी अग्रभागी होती. २४ एप्रिल १८९० रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही सुट्टीच्या मागणीसाठी बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढल्या वर्षीच्या कायद्याने मुलांच्या वयाची मर्यादा सातावरून नऊवर नेली आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे काम सात तासांवर आणले. आज आपण रविवार म्हणतो तेव्हा तो पंचांगातून आपोआप खाली पडला असे आपल्याला वाटते. तो मागून, भांडून आणलेला आहे. काम आणि फुरसत ही एकाच भाकरीची दोन अर्धुके आहेत. एक मागायचे आणि दुसरे सोडून द्यायचे, हे आम्हाला परवडत नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. २०११ च्या शिरगणतीत आपल्या वाईची वस्ती छत्तीस हजारांच्या आसपास होती. कृष्णेचे घाट आहेत, सात आळ्या आहेत, देवळे आहेत, वाचनाची परंपरा आहे. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थांनी याच गावात उभे केले. अशा गावात चौदा वर्षांच्या मुलाचा मे महिन्यातला दिवस कसा जातो, ते पाहू या. वाईबद्दल जे सांगतो ते थोड्याफार फरकाने कुठल्याही तालुक्याच्या गावाला लागू पडेल.

सकाळी तो क्रिकेटची फळी घेऊन बाहेर पडतो. शाळेच्या मैदानाला कुलूप असते, कारण शाळेला सुट्टी आहे. ज्या दिवसांत मैदानाची सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्याच दिवसांत मैदान बंद! मग तो गल्लीत खेळतो. कुणाच्या तरी मोटारीला चेंडू लागतो आणि खेळ मोडतो. बागेत जावे तर झोपाळ्यावर लहान मुलांचा हक्क, आणि तो रास्तच आहे. कट्ट्यावर बसावे तर तिथे निवृत्त मंडळींची बैठक असते. देवळाच्या ओसरीवर चौघे मिळून बसले की पुजारी विचारतो, काय काम आहे? दुकानाच्या पायरीवर बसले की दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईक येऊ द्या, उठा. पाच वर्षांच्या पोराला सारे गाव कडेवर घेते, सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला सारे गाव जागा देते, परंतु पंधरा वर्षांचा मुलगा जिथे उभा राहील तिथे तो आडच येतो.

दुपारी बारा ते पाच ही वेळ सर्वांत कठीण. पारा चाळिशीकडे जातो. ज्यांची घरे पत्र्याची आहेत त्यांच्या घरात त्या वेळी माणूस बसू शकत नाही. एका खोलीत आजारी आजी, शिलाई मशीनवर आई आणि रात्रपाळी करून झोपलेला बाप. अशा घरातल्या मुलाला 'उन्हाचा बाहेर हिंडू नकोस' असे सांगणे सोपे आहे, परंतु आत बसायला आत असावे लागते! वाचनालयाची वेळ बहुधा सकाळ-संध्याकाळची. दुपारी त्याचे दार बंद. म्हणजे गावातली जी एकमेव थंड, शांत आणि पुस्तकांनी भरलेली खोली, ती नेमकी उन्हाच्या वेळी कुलपात.

यावर आपण म्हणतो, मुले मोबाइलच्या नादी लागली. मीही ते पाहतो. बंद दुकानाच्या सावलीत पाच मुले ओळीने बसलेली असतात आणि पाचांच्याही माना खाली असतात. परंतु मी त्यांच्यावर रागावू शकत नाही. सगळीकडून 'ऊठ, चल, पुढे हो' असे ऐकलेल्या मुलाला त्या लहानशा काचेच्या आत कुणी उठवत नाही. तिथे त्याला जागा आहे. ती जागा देणारा काही धर्मात्मा नव्हे. मुलाच्या वेळेवर तो पैसा मिळवतो, हेही मी जाणतो. म्हणूनच आपण जी जागा दिली नाही ती दुसऱ्या कुणी दिली, आणि तिचे भाडे आपल्याला न दिसणाऱ्या रीतीने वसूल केले, एवढेच मी म्हणतो.

आता मी आपले लक्ष पसरणीच्या घाटाकडे वेधतो. घाट चढून बारा-तेरा किलोमीटर गेले की पाचगणी आणि आणखी अठरा-एकोणीस किलोमीटर पुढे गेले की महाबळेश्वर. ही गावे मुळात विश्रांतीसाठीच वसवलेली. सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वरला साहेबांसाठी आरोग्यस्थान उभे राहिले. पुढे जॉन चेसन याने पाचगणी वसवली. उन्हाळा सोसवत नाही म्हणून साहेबाने डोंगरावर रस्ते काढले, तळ्यात होड्या सोडल्या, प्रेक्षणीय कड्यांना आपल्या लोकांची नावे दिली. साहेब गेला, त्याच्या जागी आपले सुखवस्तू लोक आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वर्षभर राबून माणसाने चार दिवस गार वाऱ्यात काढावेत, याला संघटनेचा माणूस कसा विरोध करील?

परंतु हंगामात तो घाट चढताना आजूबाजूला पाहा. रस्त्याच्या कडेला करवंदांचे आणि जांभळांचे द्रोण घेऊन उभी असलेली मुले कुणाची? टेबललँडवर पाहुण्याला घोड्यावर बसवून घोड्याबरोबर धावणारा पोरगा कुणाचा? खाणावळीत टेबल पुसणारा, खोल्यांतून चादरी गोळा करणारा, मक्याची कणसे भाजणारा कुणाचा? तो या खोऱ्यातल्या, या डोंगरातल्या घरांचा. मुंबई-पुण्याच्या मुलांची उन्हाळ्याची सुट्टी जिथे साजरी होते, तोच आमच्या मुलांचा कारखाना आहे. आमच्या मुलांनी दुसऱ्याच्या सुट्टीची हमाली करायची आणि सुट्टी संपली की वह्या-पुस्तकांच्या खर्चापुरते पैसे घेऊन खाली उतरायचे.

मी स्वतः चौदाव्या आणि पंधराव्या वर्षी, दोन हंगाम, डोंगरावरच्या एका खाणावळीत कपबश्या विसळल्या आहेत. माझे वडील हळदीच्या पेठेत पोती वाहत. घरात पाच खाणारी तोंडे होती. पहाटे पाचला पाणी तापवण्यापासून काम सुरू होई आणि रात्री शेवटचे ताट धुऊन झाले की संपे. मालक वाईट नव्हता. पोटभर जेवायला घाली, हात उगारीत नसे. परंतु दोन हंगामांत मी वेण्णा तलावातली होडी फक्त रस्त्यावरून पाहिली. माझ्याच वयाची मुले त्या होडीत बसून ओरडत होती, आणि माझ्या हातात भाजीची पिशवी होती. मला त्यांचा हेवा वाटला असे नाही. होडीत बसणे ही माझ्यासाठी असलेली गोष्टच नव्हे, असे मी मनाशी धरून चाललो होतो. गरिबी पोटाचे नुकसान करते ते भरून येते. मनाची ही समजूत मात्र फार दिवस टिकते.

कायदा काय म्हणतो, तेही आपण पाहिले पाहिजे. आपल्या देशात १९८६ चा बालकामगार कायदा आहे. २०१६ साली त्यात मोठी सुधारणा झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास या कायद्याने मनाई केली, ही चांगली गोष्ट झाली. परंतु त्यात एक वाट मोकळी ठेवली आहे. धोक्याचा नसलेला घरचा धंदा असेल तर शाळा सुटल्यानंतर किंवा सुट्टीच्या काळात मुलाने त्यात मदत करावयास हरकत नाही. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना खाणी, स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थ आणि धोक्याचे कारखाने एवढेच वर्ज्य आहेत. मी या कायद्याची थट्टा करीत नाही. घरच्या शेतावर, घरच्या दुकानात मूल हात लावणारच. परंतु 'सुट्टी' हा शब्द त्या कायद्यात कशासाठी आला आहे, याचा विचार करा. खेळण्यासाठी नव्हे, कामाला मोकळीक देण्यासाठी! उलट, संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ साली बालहक्कांचा करार केला, आणि भारताने तो १९९२ साली स्वीकारला. त्याच्या एकतिसाव्या कलमात विश्रांती, फुरसत आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हणून सांगितला आहे, आणि त्या करारात मूल म्हणजे अठरा वर्षांखालील सर्व. एका कागदावर सुट्टी हा हक्क आहे, दुसऱ्या कागदावर सुट्टी ही कामाची वेळ आहे. या दोन कागदांच्या मधल्या जागेत आपली मुले उभी आहेत.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारी माणसे वाईट नसतात. ती म्हणतात, कामाने मूल बिघडत नाही, घडते. आपण सातारा जिल्ह्याची माणसे, कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हा मंत्र आपल्याला दिला. मग तुम्ही श्रमाविरुद्ध का बोलता?

मी श्रमाविरुद्ध बोलत नाही. श्रमावर तर मी जगलो. परंतु कर्मवीरांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, वसतिगृहे काढली, त्यांत मुलांनी शेतात कुदळ मारली, विहिरी खणल्या, ते कशासाठी? त्या श्रमाच्या शेवटी शाळा होती. कुदळ मारणाऱ्या मुलाला रात्री दिवा होता, पुस्तक होते, निरनिराळ्या जातींच्या मुलांबरोबर एका पंगतीत जेवण होते, आणि त्याच्याकडे पाहणारा एक वडीलधारा होता. त्याच्या श्रमाचे फळ त्याच्याच पदरात पडत होते. आजच्या हंगामी कामात यातले काय आहे? दिवसाला बारा-बारा तास, सुट्टीचा वार नाही, मजुरी पुष्कळदा मुलाच्या हातात न पडता परस्पर घरी, आणि शिकायचे म्हटले तर दोन हातांत सहा ताटे कशी धरायची एवढेच. याला 'कमवा आणि शिका' म्हणणे हा कर्मवीरांचा अपमान आहे.

दुसरा आक्षेप म्हणीत सांगितला जातो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. मुले रिकामी राहिली की बिघडतात. ही म्हण रचणाऱ्याने न्हावीदादांना विचारले नसावे, की बाबा, दिवसभर तू किती वेळ उभा होतास? रिकामपण आणि फुरसत यांत फरक आहे. काही करायला जागा नाही, साधन नाही, सोबत नाही, ते रिकामपण. जागा आहे, सोबत आहे, आणि काय करायचे ते मी ठरवीन, ती फुरसत. मूल बिघडते ते रिकामपणाने. त्यावर औषध म्हणून आपण त्याची फुरसतच काढून घेतो.

याच पसरणी गावात १९२३ साली कृष्णराव साबळे जन्मले, ज्यांना साऱ्या महाराष्ट्राने शाहीर साबळे म्हणून डोक्यावर घेतले. लहानपणी ते शिक्षणासाठी खानदेशात अमळनेरला होते, आणि तिथे त्यांना साने गुरुजींचा सहवास लाभला. गाणाऱ्या पोराला 'गाणे सोड, अभ्यास कर' म्हणणारे घरोघर भेटतात, त्या पोराचे गाणे ऐकून घेणारा एखादाच भेटतो. राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून शाखा, शिबिरे आणि कलापथके चालवली, त्यांतून किती मुलांना आवाज मिळाला! तालमींनीही तेच केले. आपल्याच जिल्ह्यातल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचे पदक घेऊन आले, ते गावच्या तांबड्या मातीत तयार झाले होते. अशा माणसांच्या मागे गावाने राखून ठेवलेली एखादी जागा आणि वेळ देणारे एखादे वडीलधारे माणूस असतेच.

आतापर्यंत मी मुलगा, मुलगा असेच बोलत आलो, हे भगिनींच्या लक्षात आले असेल. ते मुद्दाम केले. कारण मुलीचा दिवस सांगायला घेतला तर जागांची यादी सुरू होण्यापूर्वीच संपते. मुलगा निदान दुकानाच्या पायरीवरून उठवला जातो, मुलीला त्या पायरीवर बसूच दिलेले नसते. घाटावर मुलगी दिसते ती धुण्याची बादली घेऊन. मैदानावर दिसते ती धाकट्या भावाला बोलवायला आलेली. मे महिन्यात आई कामाला, म्हणून घर तिच्याकडे. चौदा वर्षांच्या मुलीने संध्याकाळी मैत्रिणीबरोबर तासभर नुसते बसायचे असेल, काही काम नाही, निरोप नाही, नुसते बसायचे, तर या गावात ती कुठे बसेल? उत्तर द्यायला आपल्याला वेळ लागतो आहे, हेच उत्तर. १८९० साली दहा हजार कामगारांपुढे दोन बाया उभ्या राहून सुट्टी मागू शकल्या, त्यांच्या पणतीला आज घाटाची एक पायरी मिळू नये काय?

आता पाण्याविषयी. हा प्रश्न जिवाचा आहे. उन्हाळा आला की मुले पाण्याकडे जाणार. आपल्या वाडवडिलांनी हे ओळखले होते. पाठीला वाळका भोपळा, पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा किंवा बंद केलेला पत्र्याचा डबा बांधून काका-मामा पोराला विहिरीत ढकलीत, आणि आठ दिवसांत पोर पोहायला लागे. आज विहिरी आटल्या, बुजल्या किंवा त्यांवर जाळ्या बसल्या, आणि काका-मामा पुण्याला कामाला गेले. मुले मात्र पाण्याकडे जातातच. शिकवणारा कुणी नसताना जातात, एवढाच फरक. ती धरणाच्या फुगवट्यात उतरतात, कालव्यात उडी मारतात. अस्तर केलेल्या कालव्याच्या बाजू उतरत्या आणि शेवाळाने गुळगुळीत असतात. पाणी वरून संथ दिसते, परंतु आत ओढ असते, आणि बाहेर यायला हाताला काही लागत नाही. एक बुडू लागला की दुसरा त्याला धरायला जातो, आणि दोघेही जातात. सरकारी आकड्यांप्रमाणे आपल्या देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. यात उन्हाळ्याच्या सुट्टीतली मुले किती, हे सांगायला आकड्याची गरज नाही. मे महिन्यातले कुठलेही वर्तमानपत्र उघडा. दुसऱ्या दिवशी तिथे पाटी लागते: 'येथे पोहण्यास सक्त मनाई आहे.' पाटीने कुणी पोहायला शिकत नाही.

मी अडचणी सांगून थांबणार नाही. मागण्या मांडल्याखेरीज भाषण संपवायचे नाही, ही आमच्या धंद्याची शिस्त आहे. माझ्या पाच मागण्या आहेत.

पहिली मागणी मैदानाच्या किल्लीची. जी शाळा सरकारी अनुदानावर चालते तिचे मैदान लोकांच्या पैशाचे आहे. सुट्टीत सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ ते उघडे असावे. किल्ली कुणाकडे, जबाबदारी कुणाची, हे आळीतल्या पालकांनी आपसांत वाटून घ्यावे. इमारतीला कुलूप राहू द्या, मैदानाचे काढा. आणि गावाच्या विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी ठेवलेल्या जागांकडे लक्ष ठेवा. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे अशी जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नंतरची मुदत टळली की आरक्षण उडते. मैदाने एका रात्रीत नाहीशी होत नाहीत. आपण विचारीत नाही म्हणून ती कागदावरच मरतात.

दुसरी, दुपारच्या सावलीची. बारा ते पाच गावात एक तरी मोठी खोली अशी असावी, जिथे पंखा आहे, प्यायचे पाणी आहे, वर्तमानपत्रे, पुस्तके, कॅरम आणि बुद्धिबळ आहे. वाचनालयांनी मे महिन्यापुरती आपली वेळ दुपारची करावी. तिथे मुलाला कुणी 'काय काम आहे' असे विचारू नये. कंटाळून मुलाने कपाटातले पुस्तक काढले तर उत्तम, न काढले तरी चालेल. मी स्वतः वाचायला लागलो तो वाचनाच्या आवडीने नव्हे. बाहेर ऊन होते म्हणून आत शिरलो.

तिसरी, पाण्याची. आपल्या गावात थंडी सरता सरता कृष्णाबाईचा उत्सव होतो. एकेक आळी आपापल्या घाटावर मांडव घालते, देवीची पालखी येते, कीर्तने होतात, हजारो लोक जेवतात. ज्या गावाला इतकी शिस्तीची व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या जमते, त्याला मे महिन्यात एका सुरक्षित जागी सकाळी दोन तास मुलांना पोहायला शिकवणे जमणार नाही काय? प्रत्येक आळीने चार पोहणारे तरुण द्यावेत, नगरपालिकेने त्यांना मानधन द्यावे, दोर आणि हवा भरलेल्या ट्यूबा काठावर असाव्यात. धोमचे पाणी केव्हा सुटणार आहे याची सूचना आधी फळ्यावर लागावी. पाणी पोहण्याजोगे स्वच्छ आहे किंवा नाही, हे तपासून त्याच फळ्यावर लिहावे. आणि बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारू नये, काठावरून दोर, काठी किंवा रिकामा बंद कॅन फेकावा आणि ओरडून मोठ्यांना बोलवावे, हे प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी शिकवावे.

चौथी, मुलींची. वरील प्रत्येक सोयीत मुलींची वेळ राखून ठेवावी, पोहणे शिकवायला बाई असावी, दिवे आणि स्वच्छतागृह असावे. आणि मुलीला तासभर बाहेर सोडता यावे म्हणून तेवढा वेळ घरातल्या कुणा पुरुषाने चूल आणि धाकटे मूल सांभाळावे. ही मागणी मी नगरपालिकेकडे करीत नाही, समोर बसलेल्या बंधूंकडे करतो.

पाचवी मागणी मालक बांधवांकडे, आणि ती आम्ही संघटनेच्या कागदावरही लिहून देणार आहोत. अठरा वर्षांखालील ज्या मुलांना तुम्ही हंगामात कामावर घेता, त्यांना आठवड्याची एक पुरी सुट्टी द्या, अंधार पडण्यापूर्वी मोकळे करा आणि मजुरी त्यांच्या स्वतःच्या हातात ठेवा. जमल्यास त्या सुट्टीच्या दिवशी त्यांना होडीत बसू द्या, घोड्यावर बसू द्या. ज्या जागी ती राबतात ती जागा आपल्यासाठीही आहे, हे त्यांना एकदा कळू द्या.

यांतल्या कुठल्याही गोष्टीला मोठी इमारत लागत नाही. पैसा लागेल, मान्य. परंतु पैशाहून अधिक लागते ती किल्ली, वेळापत्रक आणि तासभर जाग्यावर बसणारे माणूस. नगरपालिकेला आम्ही अर्ज देऊच. परंतु अर्जाची वाट पाहत मे महिना काढण्याची गरज नाही.

म्हणून एक गोष्ट जाहीर करून मी थांबतो. आमच्या संघटनेची कचेरी एका खोलीची आहे. भिंती जाड आहेत, छताला पंखा आहे. सोमवारपासून जून उजाडेपर्यंत दुपारी बारा ते पाच ती खोली या गावातल्या मुलामुलींसाठी उघडी राहील. मंगळवार आणि शुक्रवार हे दोन दिवस फक्त मुलींचे, आणि त्या दिवशी आमच्या दोन कामगार भगिनी तिथे बसतील. पाण्याचा माठ आम्ही भरू. एक कॅरम आहे, दुसरा हवा आहे. बुद्धिबळाचे पट आणि वाचून झालेली पुस्तके कुणाकडे असतील तर उद्या संध्याकाळी याच मांडवात आणून द्यावीत. दुपारी एखादा तास बसू शकेल अशा निवृत्त शिक्षकांनी आणि आजोबा-आजींनी आपली नावे सभा संपल्यावर माझ्याकडे द्यावीत. मी दाराशी उभा आहे.